शून्य नंबरचं पुस्तक

कवीला रेडिओवर बोलावलं की तो कविता म्हणणार, असं तुम्ही गृहीत धरता. आज तसं होणार नाही. आज मी तुम्हाला एक, दोन, तीन, चार असे आकडे ओळीनं कसे मांडायचे ते सांगणार आहे. तेही कागदावर नाही, तर जावास्क्रिप्ट नावाच्या संगणकाच्या भाषेत. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. गणिताची आणि माझी मॅट्रिकलाच फारकत झाली होती, आणि दोन्ही पक्षांना त्याचं दुःख नव्हतं. पण उतारवयात हा विषय माझ्या दारात आला, आणि आला तो थेट पुराच्या पाण्यातून.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेला महापूर आला, तो सगळ्यांना आठवत असेल. आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात पाणी शिरलं. मी त्या वाचनालयाच्या समितीवर आहे. पाणी ओसरल्यावर आम्ही पुस्तकं उन्हात घातली. काही वाचली, काहींचा लगदा झाला. लगद्यातूनही जेवढ्यांचे नंबर वाचता आले तेवढे पंचनाम्यात लिहून घेतले. मग प्रश्न आला, वाचलेली किती, गेलेली किती आणि ज्यांचा पत्ताच नाही अशी किती?

वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला एक दाखल क्रमांक मिळतो. पहिलं पुस्तक १, दुसरं २, असं चालत राहतं. पुस्तक फाटलं, रद्दीत गेलं तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाहीत. आमच्याकडचा शेवटचा नंबर होता ६४२०. दाखल नोंदवहीचे तीन खंड होते. पहिला आणि तिसरा माळ्यावर होते म्हणून बचावले. मधला भिजला, त्याची पानं एकमेकांना चिकटली. देवघेवीची वही तर गेलीच. म्हणजे कुठलं पुस्तक कोणत्या सभासदाच्या घरी होतं, हे सांगायला कागद उरला नाही.

आमच्या ग्रंथपालांना सगळे अण्णा म्हणतात. १९९१पासून ते तिथं आहेत आणि त्या वर्षी त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. समितीच्या बैठकीत एक सूर असा निघाला, की पुरात गेली ती गेली, पण ज्यांचा हिशेब लागत नाही त्यांची किंमत अण्णांकडून भरून घ्यावी. नियम म्हणजे नियम. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला रात्री झोप लागली नाही.

माझी लेक तेव्हा पुण्यात एका क्लासमध्ये जावास्क्रिप्ट शिकत होती. सुट्टीला घरी आली होती. ती म्हणाली, “अब्बा, हे सोपं आहे. मिळालेल्या पुस्तकांचे नंबर टाइप करून द्या. पंचनाम्यातलेही द्या. मी एक ते सहा हजार चारशे वीस असे सगळे नंबर तयार करते. जो नंबर या दोन्ही याद्यांत नाही, तो गायब.” कुणी म्हणेल, हे एक्सेलमध्येही झालं असतं. झालं असतं. पण पोरगी जावास्क्रिप्ट शिकत होती, आणि ज्याच्या हातात करवत आहे त्याला लाकूडच दिसतं.

आता ही भाषा काय आहे ते दोन शब्दांत सांगतो. तुम्ही इंटरनेटवर एखादं पान उघडता, त्यात बटण दाबलं की काही हलतं, फॉर्ममध्ये चुकीचं भरलं की लाल अक्षरं येतात. ही सगळी धावपळ बहुधा जावास्क्रिप्ट करते. ब्रेंडन आइक नावाच्या माणसानं नेटस्केप कंपनीत असताना मे १९९५मध्ये तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. दहा दिवसांत एक गझलही नीट होत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. त्या घाईच्या खुणा भाषेच्या अंगावर आजही आहेत. आधी तिचं नाव मोका होतं, मग लाइव्हस्क्रिप्ट झालं आणि डिसेंबर १९९५मध्ये जावास्क्रिप्ट. जावा नावाची दुसरी भाषा तेव्हा गाजत होती म्हणून ते नाव. नात्यानं दोघी परक्या.

या भाषेत ओळीनं मांडलेल्या वस्तूंना अ‍ॅरे म्हणतात. किराणा दुकानात भिंतीला खणांची एक लांब रांग असते तशी. प्रत्येक खणाला नंबर, आणि खणात काहीतरी. आम्हाला ६४२० खणांची रांग हवी होती आणि प्रत्येक खणात एक आकडा, ओळीनं.

पायथन नावाच्या भाषेत यासाठी तयार शब्द आहे, रेंज. कुठून कुठवर ते सांगा, काम झालं. रुबी भाषेत दोन आकड्यांमध्ये दोन टिंबं दिली की झालं. त्याच्याही कितीतरी आधी, १९६२मध्ये केनेथ आयव्हरसन यांचं ‘अ प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक आलं. त्यातून निघालेल्या एपीएल या भाषेत तर ग्रीक लिपीतलं आयोटा हे एकच अक्षर लिहून पुढे आकडा दिला, की तेवढ्या आकड्यांची माळ तयार. जावास्क्रिप्टमध्ये मात्र असा एका शब्दाचा मार्ग मुळात नव्हता. तो द्यावा असा प्रस्ताव भाषेचं मानक ठरवणाऱ्या समितीपुढे मांडला गेला आहे. पण लोक थांबून राहिले नाहीत. ज्यानं त्यानं आपापली पायवाट पाडली.

सगळ्यात जुनी पायवाट म्हणजे फेरी, इंग्रजीत लूप. एक रिकामी रांग घ्या. एक आकडा हातात धरा, तो १. जोवर तो ६४२०पेक्षा मोठा होत नाही तोवर तो रांगेच्या शेवटी टाका आणि एकानं वाढवा. संपलं. शाळेत आपण उजळणी म्हणायचो, तेच. ही पद्धत कुणालाही कळते, जुन्या यंत्रावरही चालते. माझं मत विचाराल तर मी अजूनही हीच वापरीन. पण तरुण मुलांना चार ओळी लिहायचा कंटाळा. त्यांना एका ओळीत सगळं हवं असतं. शेर लिहिणाऱ्यानं त्यांना नावं ठेवू नयेत, हे खरं.

लेकीनं एका ओळीत करायला घेतलं. जावास्क्रिप्टला सांगितलं, ६४२० खणांची रांग दे. तिनं दिली. मग मॅप नावाचा हुकूम असतो, तो प्रत्येक खणापाशी जाऊन तुम्ही सांगाल ते करतो. सांगितलं, प्रत्येक खणात त्याचा नंबर घाल. यंत्रानं हो म्हटलं. आम्ही पाहिलं तर रांग ६४२०चीच, पण आत काही नाही! आम्हाला वाटलं यंत्र बिघडलं. बिघडलं नव्हतं. अशी नुसती लांबी सांगून मागितलेली रांग म्हणजे नकाशावरची चाळ. खोल्या किती त्याची पाटी आहे, पण खोल्या बांधलेल्याच नाहीत. मॅप हा पोस्टमनसारखा. जिथं खोलीच नाही तिथं तो थांबत नाही, पुढे जातो. तो ६४२० दारांपुढून गेला आणि एकही पत्र न टाकता परत आला.

यावर उपाय काय? एक म्हणजे आधी सगळ्या खणांत काहीतरी भरायचं, शून्य का असेना. त्याला फिल म्हणतात. खोल्या झाल्या, की पोस्टमन थांबतो. दुसरा जास्त सुबक. २०१५ साली या भाषेची मोठी सुधारणा झाली आणि अ‍ॅरे डॉट फ्रॉम नावाचा हुकूम मिळाला. त्याला लांबी सांगायची आणि जोडीला नियम सांगायचा, की प्रत्येक खणात त्याच्या नंबरात एक मिळवून जे येईल ते ठेव. तो पाटीवर विश्वास ठेवतो, खोली बांधलेली आहे की नाही हे बघत नाही. स्वतःच बांधतो आणि भरतो. तिसरा उपाय म्हणजे खणांतलं सामान न मागता खणांचे नंबरच मागायचे. त्याला कीज म्हणतात. तोही पाटीनंच चालतो. चौकटी कंसात तीन टिंबं देऊन ते नंबर ओतले की रांग तयार. दिसायला ही सगळ्यात आखूड. लेकीनं हीच निवडली. तिथंच घोटाळा झाला, पण तो पुढे सांगतो. कारण त्याच्या आधी एक मोठा घोटाळा झाला.

पहिल्यांदा यादी चालवली तेव्हा यंत्रानं सांगितलं, सगळी पुस्तकं गायब. एकूण एक. म्हणजे जी माझ्या डोळ्यांदेखत कपाटात उभी होती तीसुद्धा. मी हसलो. लेक रडकुंडीला आली. कारण निघालं ते असं. आम्ही टाइप करून दिलेले नंबर यंत्राच्या दृष्टीनं अक्षरं होती. पानावरच्या चौकटीत तुम्ही ३७ लिहिलं, तर जावास्क्रिप्टला ते तीन आणि सात या दोन चिन्हांचा शब्द म्हणून मिळतं. आणि तिनं स्वतः तयार केलेलं ३७ हे आकडा म्हणून असतं. शब्द ३७ आणि आकडा ३७ एक नव्हेत, असं म्हणून तिनं प्रत्येक पुस्तक नाकारलं. हाच स्वभाव बेरजेत उलटा दिसतो. शब्द ५ मध्ये आकडा १ मिळवा, उत्तर सहा येत नाही, ५१ येतं. दोन अक्षरं शेजारी ठेवल्यासारखं. आणि काही न सांगता १, २, १० यांचा क्रम लावायला सांगितला, तर ती १, १०, २ असा लावते. शब्दकोशात ‘कमळ’ हे ‘कर’च्या आधी येतं, त्या न्यायानं. म्हणून बाहेरून आलेल्या प्रत्येक नंबराला आधी ‘तू आकडा हो’ असं सांगावं लागतं. सांगितलं, आणि कपाटातली पुस्तकं परत आली.

आता यादी नीट दिसत होती. मिळालेली ४९११. पंचनाम्यातली १३७२. बेपत्ता १३७. छापील कागद घेऊन मी बैठकीला गेलो. अण्णांनी यादी वरून वाचायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीवर थांबले. “शायर, हे शून्य नंबरचं पुस्तक कुठलं?”

बैठकीत हशा पिकला. एक सदस्य म्हणाले, त्याचीही किंमत लावा. अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, “यंत्रानं शून्यापासून मोजलंय. म्हणजे सगळं एक घर मागं सरकलं. मग शेवटचं पुस्तक त्यानं विचारलंच नाही.”

अण्णांनी संगणकाला कधी हात लावला नव्हता. पण बरोबर तेच झालं होतं. जावास्क्रिप्टमध्ये खणांचे नंबर शून्यापासून सुरू होतात. ६४२० खण असतील तर पहिल्याचा नंबर ० आणि शेवटच्याचा ६४१९. लेकीनं खणांचे नंबर जसेच्या तसे घेतले, एक मिळवायचा राहिला.

शून्यापासून का मोजतात, असा प्रश्न मला पडला. मला वाटलं ही परदेशी लहर. नंतर लक्षात आलं, आपण मराठी माणसं रोज दोन्ही तऱ्हेनं मोजतो. आपल्याकडे तळमजला असतो आणि त्याच्यावर पहिला. पोराला पाच पूर्ण झाली म्हणतो आणि त्याच दमात सहावं लागलं म्हणतो. पाच ही पुरी झालेली वर्षं, सहावं हे चालू वर्ष. खणाचा नंबर म्हणजे त्याच्या आधी किती खण गेले तो आकडा. पहिल्याच्या आधी कुणी नाही, म्हणून शून्य. हे एकदा पटलं की शून्याचा राग येत नाही.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी ऑगस्ट १९८२मध्ये यावर एक छोटं टिपण लिहिलं होतं. मोजणी शून्यापासून का असावी, एवढाच विषय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ओळीनं येणारे आकडे सांगताना सुरुवातीचा आकडा धरावा आणि शेवटचा सोडावा. दोनपासून तेराच्या अलीकडेपर्यंत. मग तेरातून दोन वजा केले की अकरा, नेमके तेवढेच आकडे असतात. मिळवायचं नाही, वजा करायचं नाही. शिवाय एक रांग जिथं संपते तिथंच दुसरी सुरू होते.

हे मला समजलं ते माझ्या वडिलांमुळे. ते एस.टी.त कंडक्टर होते. पत्र्याच्या पेटीत तिकिटांचे गठ्ठे, प्रत्येक तिकिटावर ओळीनं छापलेला नंबर. सकाळी गाडीवर जाताना गठ्ठ्यात वर जे तिकीट असेल त्याचा नंबर ते वेबिलावर टाकत. रात्री उतरताना परत जे वर असेल त्याचा. सकाळी २३८, रात्री ३०१, तर विकली ६३. रात्रीचं ३०१ हे विकलेलं नसतं, उद्याचं पहिलं असतं. वडिलांनी डाइक्स्ट्रांचं नाव ऐकलं नव्हतं. त्यांना पैसे कमी पडले तर खिशातून भरावे लागत, एवढं माहीत होतं.

दोन्ही टोकं धरली तर मात्र एक मिळवावा लागतो, आणि तोच नेमका विसरतो. माझ्या पहिल्या संग्रहाच्या वेळी पान ३७ ते ५२ यांचा खर्च मी पंधरा पानांचा दिला होता. छापखान्यानं सोळांचा घेतला. सोळाच होती.

आमच्या बैठकीतही हाच वाद झाला. बेपत्ता यादीत ४००० ते ४०९९ हा सलग पट्टा होता. एकामागून एक, एकही सापडलेलं नाही. एक सदस्य म्हणाले, नव्याण्णव पुस्तकं. दुसरे म्हणाले, शंभर. पाऊण तास गेला. कुणीच विचारलं नाही, की पुराचं पाणी असं नंबर वाचून, शेजारच्याला हात न लावता, नेमकी शंभरच पुस्तकं कशी उचलतं?

लेकीनं विचारलं. घरी आल्यावर ती म्हणाली, “अब्बा, मी आकडे सलग तयार केले, कारण तुम्ही सांगितलं की नंबर सलग दिलेत. ते खरंच सलग दिलेत का?”

याचं उत्तर मधल्या खंडात होतं, आणि तो चिकटलेला. अण्णांनी आणि मी तीन आठवडे टिपकागद घालून, पंख्याखाली ठेवून, एकेक पान सोडवलं. काही पानांवरची शाई उतरली होती. पण ते पान शाबूत निघालं. पानाची शेवटची ओळ, ३९९९. पान उलटलं. पहिली ओळ, ४१००. हस्ताक्षर एकच, तारीख एकच, १९८७ सालातली. त्या दिवशी कुणा लिहिणाऱ्याचा पान उलटताना हात चुकला. पुढची सगळी पुस्तकं शंभरानं पुढे सरकली आणि बत्तीस वर्षं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. ४००० ते ४०९९ ही पुस्तकं वाचनालयात कधी आलीच नव्हती. अण्णा नोकरीला लागले त्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट.

मी अण्णांकडे पाहिलं. ते पानाकडे पाहत होते. म्हणाले, “शंभर. नव्याण्णव नाही.” आणि चहा सांगितला.

दरम्यान लेकीनं आपली चूक सुधारली होती. कीज काढून अ‍ॅरे डॉट फ्रॉम घातलं, प्रत्येक खणात एक मिळवला. यादी पुन्हा चालवली. बेपत्ता पुन्हा १३७च! मला वाटलं काही बदललंच नाही. नीट पाहिलं तेव्हा वरचं शून्य गेलं होतं आणि तळाला ६४२० आलं होतं. एक खोटा आकडा गेला, एक खरा आला, बेरीज तीच. मला या प्रकारची चूक सगळ्यात भयंकर वाटते. सगळी पुस्तकं गायब झाली तेव्हा लगेच कळलं, कारण उत्तर अशक्य होतं. इथं उत्तर शहाण्यासारखं दिसत होतं. म्हणून लेक आता अशी रांग तयार केली की तिची लांबी तर बघतेच, पण पहिला आणि शेवटचा आकडाही डोळ्यांनी बघते. आधी पाच आकड्यांची रांग करून पाहते, मग सहा हजारांची.

१३७मधून ते शंभर गेले, उरले ३७. त्यांतला एक ६४२०. हे पुस्तक पुराच्या आधी, जुलैमध्ये दाखल झालेलं. तिसऱ्या खंडात शेवटच्या ओळीवर त्याचं नाव होतं. कवितासंग्रह. ते नाव वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. अण्णा नंबर टाकत असताना मी समोर बसलो होतो. शाई वाळायच्या आत ते उचललं, “दोन दिवसांत देतो” म्हणालो आणि वहीत सही न करता घरी नेलं. मग पूर आला. ते माझ्या उशाशीच, इतर पुस्तकांच्या ढिगात होतं.

उरलेली ३६ ज्यांच्या घरी होती त्यांतल्या कित्येकांची घरंच पाण्यात गेली होती. समितीनं तसा ठराव केला आणि वसुलीचा विषय मिटला.

मी ते पुस्तक रुमालात गुंडाळून अण्णांकडे नेलं. त्यांनी उघडून आतला शिक्का पाहिला, नंबर पाहिला.

“शायर, दंड किती होतो?”

“तुम्ही सांगाल तेवढा.”

“लेकीला विचारा. आणि तिला सांगा, नेला तो दिवस धरून मोजायचं.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)